शंभर मीटरच्या सरावाला जागा कुठे शोधायची?

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणारी मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात शिकते आणि महाराष्ट्र पोलीस भरतीची तयारी करते. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलामुलींना तिथे अर्ज करता येतो, म्हणून तर आपल्याकडे गावोगावी पहाटे पळणारी पोरं दिसतात. तिचे ८०० मीटर बरे जातात, पण १०० मीटर काही १५ सेकंदांच्या खाली येत नाहीत; पूर्ण गुणांसाठी १४ लागतात. सराव गावापासून फाट्यापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर चालतो आणि आता नडग्या दुखू लागल्या आहेत. वडील म्हणतात, बेळगावात खोली घेऊन राहा, तिथे चांगली ग्राउंडं आहेत. तिचा प्रश्न असा : "बाई, सिंथेटिक ट्रॅकशिवाय वेग वाढतच नाही का? आणि गावातच जागा शोधायची तर काय बघून शोधू?"

खोली घेऊ नकोस. निदान एवढ्यासाठी तरी नको. १५ वरून १४ वर यायला तुला ऐंशी-एक मीटर चांगली जमीन लागेल, आणि तेवढी तुझ्या नाहीतर शेजारच्या गावात मिळायला हरकत नाही. फक्त बघण्याची पद्धत बदल. मैदानावर पाय ठेवला की सगळे विचारतात, इथे शंभर मीटर बसतील का? मी आधी पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहते आणि बघते, वेगात आलेली मुलगी इथे थांबणार कुठे.

स्पर्धेच्या ट्रॅकवर शंभर मीटरच्या रेषेपुढे किमान १७ मीटर मोकळे सोडावे लागतात. सरावाला मी २५ ते ३० मागते. १४ सेकंदांत पळणारी मुलगी ऐन वेगात सेकंदाला आठेक मीटर जाते. तिला दहा मीटरांत थांबवले तर ती टाचा रोवून थांबते, आणि तो सगळा दाब गुडघ्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो. दिवसातून आठ वेळा हेच झाले की महिन्याभरात गुडघा बोलू लागतो.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. समोर भिंत, तारेचे कुंपण नाहीतर रस्ता दिसत असला की पाय शेवटच्या वीस मीटरांत आपोआप आखडतात. तू ठरवून करत नाहीस, डोळे करवतात. रोज असे पळून तीच सवय अंगात मुरते आणि परीक्षेच्या दिवशी समोर सगळे मोकळे असले तरी ऐंशीव्या मीटरला वेग उतरतो. अशी पोरं मी बरीच बघितली आहेत. सत्तरपर्यंत सगळ्यांच्या पुढे, मग एकेक जण त्यांना गाठतो. लोक म्हणतात दम कमी पडतो, आणि त्यांना आणखी राउंड मारायला लावतात. दमाचा काही संबंध नसतो. ते जिथे रोज पळतात तिथे पंचाण्णव मीटरवर गोलपोस्ट असतो, एवढेच.

आता लांबी. रोज पूर्ण शंभर पळण्याची गरज नाही, म्हणून रोज शंभर मीटरची जागाही लागत नाही. सुटण्याचा आणि वेग घेण्याचा सराव २० ते ३० मीटरांचा असतो. थांबायची जागा धरून ५०-५५ मीटर पुरतात आणि ही जागा थोडी चढाची असली तरी बरेच. ऐन वेगाच्या सरावात २५ मीटर वेग घ्यायचा, पुढचे २० मीटर पूर्ण जोरात आणि नंतर ३० मीटर सैल सोडत थांबायचे. म्हणजे ७५ मीटर. तुझी सगळ्यात चांगली जमीन या कामाला ठेव. तिसरे काम १२०-१५० मीटर पळण्याचे. त्यात वेग थोडा कमी असतो, म्हणून जमीन मध्यम असली तरी चालते. तीन कामांना तीन जागा असल्या तरी बिघडत नाही. उलट गावात तसेच करावे लागते.

जमिनीबद्दल मी इतकी किटकिट का करते तेही सांगते. पूर्ण वेगात चांगल्या धावपटूचा पाय जमिनीवर साधारण सेकंदाचा दहावा भाग टेकतो, शिकणाऱ्याचा त्याहून थोडा जास्त. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट जोर त्या एका चवड्यावर येतो. शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हलणाऱ्याला फाऊल देतात, कारण माणूस आवाज ऐकून त्याहून लवकर निघूच शकत नाही असे धरले आहे. हाच हिशोब खड्ड्याला लाव. पायाखाली खळगा आला हे डोक्याला कळेपर्यंत पाय तिथून उचललेला असतो आणि घोटा मुरगळायचा तो मुरगळलेला असतो. चालताना किंवा जॉगिंगला आपण सावरतो, स्प्रिंटमध्ये सावरायला वेळच नसतो. म्हणून पळण्याआधी पट्टा चालून बघायचा, रोज, जाताना एका कडेने आणि येताना दुसऱ्या.

आपल्या जिल्ह्यात माती दोन जातींची आहे. तुमच्याकडे खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची. पाणी लवकर निचरते, पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी पळण्याजोगी होते. दोष एकच, वर जांभ्याचे बारीक खडे सुटे होऊन पडतात आणि त्यावर पाय सरकतो. ते झाडून काढता येतात. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडे काळी माती. पावसात बुटाला किलोभर चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, त्यातल्या एखादीत चवडा सहज अडकतो. तिकडच्या पोरांनी मुरूम टाकलेले मैदानच शोधावे. तू तांबड्या मातीत आहेस, हे तुझे नशीब समज.

जमीन किती कडक आहे ते बघायला मी दुचाकीची किल्ली वापरते. अंगठ्याच्या जोराने दाबली आणि अर्ध्यापर्यंत गेली तर उत्तम. टोकही जात नसेल तर ती जमीन डांबराच्या जवळची, आठवड्यातून एकदाच वापरायची. सगळी किल्ली लोण्यात जावी तशी गेली तर दोन दिवस थांब.

कुठे शोधायची ते आता क्रमाने सांगते. पहिली जागा शाळेचे ग्राउंड. तू म्हणशील ते लहान आहे. लांबी-रुंदी मोजू नकोस, तिरके मोज. साठ बाय चाळीस मीटरच्या ग्राउंडवर कोपऱ्यातून कोपऱ्यात ७२ मीटर मिळतात. फुटबॉलचे शंभर बाय चौसष्टचे मैदान असेल तर तिरके ११८, म्हणजे पूर्ण शंभर आणि वर थांबायला स्पर्धेपुरती जागा. गावातल्या बऱ्याच शाळांवर ही तिरकी रेषा मोकळी पडून असते, कारण २०० मीटरचा गोल आखतात आणि सगळे त्यावरच फिरत राहतात. त्या गोलावर पूर्ण वेगाने वळू नकोस. ४०० मीटरच्या ट्रॅकला वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते, शाळेच्या गोलाला तिच्या निम्मीच. आतल्या पायाच्या नडगीवर आणि घोट्यावर फार ताण येतो, आणि तुझ्या नडग्या आधीच कुरकुरत आहेत. तिरक्या रेषेत मध्येच सिमेंटची क्रिकेटची पिच येत असेल तर मात्र रेषा बाजूला सरकव. मऊ मातीवरून एकदम सिमेंटवर आणि परत मातीवर, हे पायाला झेपत नाही.

परवानगी आधी घे. सरकारी शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या समितीचे, अध्यक्ष दोघांना भेट. नुसते मुख्याध्यापक 'हो' म्हणाले आणि उद्या त्यांची बदली झाली तर पुन्हा पहिल्यापासून. गावच्या मोकळ्या जागेसाठी पंचायतीत पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, अर्ज लागतो. तो कानडीत लिहून ने, काम लवकर होते. वादासाठी दुसऱ्या जागा आहेत, पळायच्या पट्ट्यासाठी नको.

दुसरी जागा गायरान किंवा माळ. गुरांनी चरून बारीक केलेले गवत हे सरावाला मी सगळ्यात वर ठेवते. पायाला जीव येतो आणि नडग्यांना आराम. पण पावसात ओल्या जमिनीत उमटलेले खुरांचे खळगे दिवाळीनंतर दगडासारखे वाळतात आणि वरच्या गवताखाली दिसत नाहीत. गायरान आवडले तर मुरूम आणि फावडे घेऊनच जा.

तिसरी जागा नव्या लेआऊटमधले रस्ते. खानापूर गावाबाहेर आणि बेळगावच्या चारी बाजूंनी प्लॉट पाडून ठेवले आहेत. मुरमाचा रस्ता तयार, घरे अजून नाहीत. सरळ, रुंद, बऱ्यापैकी सपाट. तिसऱ्या कामाला, म्हणजे दीडशे मीटरला, याहून चांगले काही नाही. धोके तीन : झाकण नसलेले गटाराचे चेंबर, प्लॉटच्या हद्दीचे दगड आणि रात्रीच्या पार्टीच्या बाटल्यांच्या काचा. तिसरा सगळ्यात नेमाने भेटतो, विशेषतः सोमवारी सकाळी.

कापणी झालेल्या भातशेतात मुले पळतात, कारण डिसेंबरात ते मैदानासारखे मोकळे दिसते. धसकटांत आणि चिखल वाळून झालेल्या ढेकळांत स्प्रिंट करायची नसते. शिवाय कापणीनंतर मसूर, वाटाणा पेरला असेल तर शेतकरी काठी घेऊन येईल, आणि त्याचे बरोबर असेल.

डांबरी रस्ता सोडच. कडकपणा हे एक कारण झाले. दुसरे म्हणजे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मधून दोन्ही कडांना उतार दिलेला असतो, मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर. कडेने पळताना एक पाय कायम खाली पडतो, आणि तू रोज त्याच बाजूने पळत असशील तर कंबर आणि एकाच पायाची नडगी दुखणारच. वाहनांचे तर सांगायलाच नको. ऊसतोड सुरू झाली की फाट्याच्या रस्त्याला पहाटे मागचा दिवा नसलेले ट्रॉलीचे ट्रॅक्टर येतात, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. त्या ड्रायव्हरला काळ्या ट्रॅक पँटमधली मुलगी दिसत नाही.

"वाळूत पळ, पी. टी. उषा पळायची" असे तुला कोणीतरी सांगेलच. ती पय्योळीच्या किनाऱ्यावर सराव करायची हे खरे आहे. पण वाळूत पाय रुततो आणि जास्त वेळ जमिनीवर राहतो. शंभर मीटरला तर तो लवकर उचलायला शिकायचे असते. उन्हाळ्यात मलप्रभेच्या पात्रात वाळू मोकळी पडली तर पोटऱ्यांच्या ताकदीसाठी हळू पळ, उड्या मार. वेग तिथे मोजू नकोस.

चढाचे मात्र मी कौतुक करते. सुटण्याच्या सरावाला शंभर मीटरमागे चार-पाच मीटर चढणारा माळ शोध. वीस मीटर वर पळायचे, चालत खाली यायचे. चढावर पाय आपोआप मागे ढकलायला शिकतो, वेग कमी राहतो म्हणून मांडीची मागची शीरही जपली जाते. बेळगावची मुले रविवारी राजहंसगडाच्या रस्त्यावर पळतात. दमासाठी छान आहे, पण इतक्या चढावर पळण्याची ढबच बदलते. उतारावर मात्र पूर्ण वेगाने कधीच नाही.

राहिला सिंथेटिक ट्रॅक. तो रबराचा, साधारण १३ मिलिमीटर जाडीचा थर असतो, बारा महिने सारखा, म्हणून वेळ खरी कळते. तेवढाच त्याचा मोठा उपयोग. रोज स्पाईक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून त्यावर पळणाऱ्यांच्या पोटऱ्याही दुखतात, हे कोणी सांगत नाही. भरतीआधी दोन-तीनदा अशा ट्रॅकवर जाऊन पूर्ण शंभर पळून ये. बेळगावात नेहरूनगरच्या जिल्हा क्रीडांगणावर आधी चौकशी कर. वेळ आणि फी विचारूनच गाडी पकड. गोव्यात बांबोळीला २०२३ च्या राष्ट्रीय खेळांचे ॲथलेटिक्स झाले तो ट्रॅक आहे, पण अर्ध्या तासाच्या सरावासाठी चोर्ला घाट उतरून परत चढणे हे मला पटत नाही. शहरातली बाकीची मैदाने, व्हॅक्सिन डेपो, लेले, सीपीएड, चालायला आणि गोल पळायला ठीक आहेत. स्प्रिंटला सकाळची गर्दी आडवी येते, आणि जिथे सभा-प्रदर्शनांचे मांडव पडतात तिथे ते उतरल्यावर खुंट्यांचे खड्डे आणि तारेचे तुकडे राहतात. कॅम्पातली लष्कराची मैदाने बघून तोंडाला पाणी सुटते, परवानगी असल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस.

म्हणजे खोलीच्या भाड्यात तुला यातले फारसे काही मिळणार नाही. वडिलांना हे दाखव.

आता वेळ, कारण तीच जागा पहाटे वेगळी आणि संध्याकाळी वेगळी असते. पहाटे पाचला पळण्याचा आपल्याकडे हट्ट आहे. ८०० मीटरला, दमाला ठीक. स्प्रिंटला नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते, अंग आखडलेले, गवतावर दव, उजेड नाही. मांडीची मागची शीर याच वेळी तुटते. संध्याकाळी साडेचार ते सहा ही स्प्रिंटची वेळ धर. कॉलेज आडवे येत असेल तर सकाळी ऊन पडल्यावर, आणि अंग गरम करायला पंचवीस मिनिटे. तुमच्याकडे जंगलालगतच्या वाटांवर अंधारात अस्वल आणि गवा असतो, तेही ध्यानात घे. आणि मुलींना मी एक नियम घालते : मैदान कितीही छान असले तरी ओरडल्यावर माणूस येईल इतक्या अंतरात घर हवे आणि सोबत एकजण हवा. जागा यात बसत नसेल तर यादीतून काढ. शाळेचे ग्राउंड मी पहिले लिहिले ते याचसाठीही.

जून ते सप्टेंबर वेगळाच हिशोब. खानापूरच्या पावसात बाहेर पूर्ण वेगाची स्प्रिंट विसर. उघडीप मिळाली आणि किल्ली बरोबर गेली तर वीस मीटरची सुटण्याची कामे कर. एरवी शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळाच्या सभामंडपात गुडघे उचलण्याचे, चवड्यावर उसळण्याचे व्यायाम. फरशी ओली असेल तर तेही नको. मोठे काम ऑक्टोबरात परतीचा पाऊस गेला की सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत चालते. मार्चनंतर जमीन कडक होत जाते. आदल्या संध्याकाळी पट्ट्यावर चार-सहा घागरी पाणी मारले तरी फरक पडतो.

जागा ठरली की पट्टा तयार कर. ट्रॅकची एक लेन १.२२ मीटर रुंद असते. तू तीन मीटर रुंद आणि ऐंशी मीटर लांब पट्टा धर, बाकी मैदान तसेच राहू दे. खड्यांना खराटा, खळग्यांना ओला मुरूम आणि वरून धुम्मस. सपाटी डोळ्यांनी कळत नाही. गवंड्याकडून लेव्हल पाईप माग, पाणी भरलेली ती पारदर्शक नळी, आणि दर दहा मीटरला बघत जा. स्पर्धेच्या ट्रॅकला पळण्याच्या दिशेने शंभर मीटरमागे दहा सेंटिमीटरपर्यंतच उतार चालतो. सरावाला पट्ट्यात अर्ध्या मीटरपर्यंत चढ असला तरी मला चालेल, फक्त वेळ नेहमी त्याच दिशेने पळून घे. वाऱ्याचेही तसेच : पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरच्या वर गेला तर विक्रम धरत नाहीत, आणि आपल्या माळावर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा त्याहून सहज जास्त असतो. त्या दिवशीची वेळ वहीत लिहून खूश होऊ नकोस.

अंतर टेपनेच मोज. मोबाइलचे अंतर शंभर मीटरला काही मीटरने चुकते आणि दोरी ताणली की लांबते. खुणा फक्कीने कर. खुंट्या ठोकायच्याच असतील तर पट्ट्याबाहेर दोन मीटरवर. सुटताना पाय टेकवायचे ब्लॉक मिळाले तर मुरमात त्यांचे खिळे उपटतात, मागे भावाला ब्लॉकवर पाय देऊन उभा कर. हाताने घड्याळ लावलेली वेळ नेहमी चांगलीच दिसते; शंभर मीटरला इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवतात. म्हणजे भावाच्या घड्याळात १३.९ आले तर तू खरी १४.१४ ला आहेस. मैत्रिणीला रेषेच्या बाजूला उभी करून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांग, त्यातून शेवटच्या वीस मीटरांतला वेग उतरतो का तेही दिसेल.

नडग्यांचे शेवटी, पण आधी तेच कर. दोन आठवडे रस्ता पूर्ण बंद, गवतावर हलके पळणे आणि पोटऱ्यांचे व्यायाम. हाडाच्या कडेने लांबवर दुखत असेल तर एवढ्याने बहुतेक उतरते. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा पट्टा, टेप, फक्की सगळे बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय पळू नकोस. नसेल तसे, तर रविवारी टेप घेऊन शाळेचे ग्राउंड तिरके मोज आणि पलीकडच्या टोकाला काय आहे ते मला कळव. आठवडा कसा वाटून घ्यायचा ते त्यावर ठरेल.